पिंपळझरीचा कलेक्टर

अश्वजितले सरकारनं कलेक्टर केलं नाई. गावानं केलं, अन् तेही निकालाच्या आधी केलं. माझी सगळी तक्रार तेवढीच आहे.

अश्वजित म्हणजे माझा होणारा नवरा. अश्वजित हरिदास गणवीर, मुक्काम पिंपळझरी, आर्वीहून पुढं एसटीनं जा लागते. मी मोनाली, वर्धेजवळच्या सेलूची, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. आमचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात अन् लग्न ठरलं पुढच्या उन्हाळ्यात, त्याच्या कलेक्टरकीच्या परीक्षेच्या निकालानंतर. माझ्या बाबानं विचारलं होतं, निकालाच्या आधी काऊन नाई? तं हा म्हणे, "निकाल लागू द्या बाबा, मंग येतो वाजत." मी दाराआडून ऐकत होती. मलेही वाटलं, वाजतच येऊ दे. चोवीस वर्षांच्या पोट्टीले घाई थोडी असते.

तुमाले म्हणून सांगते, ही दिल्लीची परीक्षा एकच नसते. आधी पूर्व, मंग मुख्य, अन् मंग दिल्लीले मुलाखत. देशभरातून लाखो पोट्टे पहिलीले बसतात, मुलाखतीपर्यंत मूठभर पोचतात, अन् त्याच्यातलेही निम्म्याहून जास्त हात हलवत वापस येतात. हे मले माहीत होतं, अश्वजितले माहीत होतं. पिंपळझरीले माहीत नव्हतं, अन् जाणून घ्यायची त्या गावाले गरजही वाटली नाई.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये तो मुख्य परीक्षा पास झाला. मुलाखतीचं बोलावणं आलं. अभ्यासाले तो दिल्लीत राहत होता, तिथून दाखले घ्यायले गावी आला, अन् मीही त्या दिवशी आर्वीपासून त्याच्यासोबत होती. गाडी पिंपळझरीच्या फाट्यावर थांबली तं समोर बँडवाले. आर्वीच्या कोण्या उत्साही माणसानं पेपरात देऊन टाकलं होतं की पिंपळझरीचा पोट्टा दिल्लीची परीक्षा पास झाला. खाली उतरायच्या आधीच त्याच्या डोक्यावर निळा गुलाल पडला. ट्रॅक्टर सजवलेला, ट्रॅक्टरवर खुर्ची, खुर्चीवर चादर.

पुढं नत्थूजी. नत्थूजी म्हणजे गावच्या विहाराचे कारभारी, आवाज असा की भोंग्याची गरज नाई. अश्वजितले त्यांनी लहानपणी खांद्यावर घेऊन आर्वीच्या शाळेत पोचवलं होतं, नाल्याले पाणी असलं की.

अश्वजित त्यांच्या कानाशी जाऊन म्हणे, "नत्थूजी, आजून मुलाखत बाकी आहे."

"मुलाखत म्हंजे का? बोलाचंच हाय ना?" नत्थूजी साऱ्याईले ऐकू जाईन असं म्हणाले. "तू तं पाळण्यात होता तवापासून बोलून राह्यला. बसा कलेक्टर साहेब."

सारे हसले अन् पोट्टा ट्रॅक्टरवर बसला. बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी म्हणतात ना, तसा सारा प्रकार. विहारासमोर शाल झाली, हार झाले, भाषणं झाली. मंग लोकांनी मागण्या सुरू केल्या. तानबानं नाल्यावर पूल मागितला. धुरपताबाईनं एसटीची दुसरी फेरी मागितली. हा "पाहू, पाहू" म्हणत राह्यला. मी जवळ बसून पाहत होती. आधी कोणी कलेक्टर साहेब म्हटलं की तो लाजे, खाली पाहे. संध्याकाळपर्यंत लाज गेली. कोणी मागून कलेक्टर साहेब म्हणून हाक मारली की तो वळून पाहाले लागला.

मले बायका कलेक्टरीनबाई म्हणत होत्या. मले गोड वाटलं. काऊन खोटं बोलू.

मुलाखत झाली. निकाल जूनमध्ये लागला अन् त्याच्यात त्याचा नंबर नव्हता. त्यानं आमच्या शेजारच्या एसटीडी बूथवर फोन केला. बूथवाल्यानं मले बोलावून आणलं.

"नाई झालं," तो म्हणे.

"बरं. मंग ये घरी. लग्नाचं पाहू."

"मी येत नाई मोनाली. पुढच्या साली येतो. त्या ट्रॅक्टरवर बसलो होतो मी. कोणतं तोंड घेऊन येऊ?"

"आहे तेच घेऊन ये. दुसरं कुठून आणशीन?"

तो हसला नाई. नाई तं माझ्या अशा बोलण्यावर तो हमेशा हसे.

मी त्याच्या माय-बापाले सांगायले पिंपळझरीले गेली. हरिदासबाबा खाटेवर बसून होते. सुलोचनाबाई, त्याची माय, चुलीपाशी रडली. नत्थूजी आले, त्याईलेही सांगितलं. ते म्हणे, "अरे मंग येत्या साली करतीन. त्याच्यात का येवढं? सरकारचं सरकारपाशी. आमी आमचा सत्कार वापस घेतो का?" अन् बाहेर निघता निघता सुलोचनाबाईले म्हणे, "रडू नको, कलेक्टरची माय हायेस तू."

एवढी साधी माणसं. कोणी टोमणा मारला असता तं मी उलटून बोलली असती, त्यात मी कमी नाई. पण ते मायेनं म्हणत होते. मायेले का उत्तर देणार?

पुढची वर्षं अशीच गेली. तो यायचा. नाई कसा, यायचा. वर्षातून एकदा-दोनदा दिल्लीहून जी.टी. एक्सप्रेसनं येऊन सेवाग्राम स्टेशनवर उतरे. मी सेलूहून जात होती, त्याची माय आर्वीच्या गाडीनं ये. प्लॅटफॉर्मच्या बाकावर तिघं बसत होतो. माय डब्यात भाकर, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी आणे. तो खाये, दिल्लीच्या गोष्टी सांगे, मायचा हात हातात घेऊन बसे. अन् वापसीची गाडी आली की चढून जाये. स्टेशनच्या बाहेर पाय नाई. वर्धेच्या स्टँडवर आर्वीच्या गाडीत पिंपळझरीचा कोणी ना कोणी भेटणारच, अन् तो विचारणारच, कलेक्टर साहेब, कवा आले? त्या एका हाकेच्या भेवानं हा माणूस घराच्या इतक्या जवळ येऊन वापस जाये.

गाडी गेल्यावर सुलोचनाबाई रिकामा डबा पिशवीत घालत अन् म्हणत, "लेकरानं पोटभर खाल्लं." मले रडू ये, पण तिच्यासमोर रडली तं तिले कोणी सांभाळावं?

मले तो पाहिजे होता. साहेब नाई, बंगला नाई, लाल दिवा नाई. तो. त्याचं ते हळू बोलणं मले घरात पाहिजे होतं, रोज, भाजीत मीठ कमी आहे म्हणणारं. माझ्या मैत्रिणींचे पोट्टे पहिलीत माझ्याच वर्गात येऊन बसले. मी त्याईले अ आ इ शिकवत होती अन् मनात म्हणत होती, आपलाही आत्ता एवढा असता. बाबानं दोन स्थळं आणली. एकाले मी स्वतःच चहाच्या ट्रेसोबत सांगून टाकलं की माझं साक्षगंध झालेलं आहे. बाबा महिनाभर बोलले नाई.

परीक्षेचंही एक पाहा. खुल्या वर्गाले तवा चार वेळाच बसता ये. आमाले, म्हणजे अनुसूचित जातीले, वयाच्या पस्तिशीपर्यंत कितीही वेळा. ही सवलत कोणी खिरापत म्हणून वाटली नाई, लढून मिळाली. अन् आम्ही बौद्ध, आमाले दिल्लीच्या नोकऱ्यांत तं ती नव्वद साली कुठं लागू झाली. तिच्यावर कोणी वाकडं बोललं तं मी त्याच्या तोंडाले लागते, आमच्या शाळेतल्या मास्तरांना विचारा. पण खरं सांगू, त्या वर्षांत कधी कधी मले वाटे, याले चारच वेळा बसू देलं असतं तं माझं लग्न केव्हाचं झालं असतं. असं वाटलं की मले माझाच राग ये.

एका वर्षी तो पूर्वमध्येच राह्यला. एका वर्षी पुन्हा मुलाखतीपर्यंत गेला अन् तिथून वापस आला. पोटापाण्यासाठी तो दिल्लीत एका क्लासमध्ये राज्यघटना शिकवत होता. त्याच्याजवळ शिकलेले पोट्टे लागले, साहेब झाले, अन् हा त्याईले पेढे भरवून पुन्हा अभ्यासाले बसला.

एकदा त्या बाकावर मी म्हटलं, "चाल, वर्धेले कोर्टात सह्या करू. गावात नको जाऊ. तिथंच बोरगाव मेघेले खोली घेऊ, मी तिथून शाळेत जाईन."

"अन् गावाले का सांगशीन? लपून राहू?"

"मंग गावात चाल."

"एक वर्ष दे मोनाली. वाजत येतो म्हटलं होतं मी."

"आग लागो तुझ्या वाजण्याले," मी म्हटलं. बाजूच्या बाकावरचे लोकं पाहाले लागले. त्याची माय पदर तोंडाले लावून हसली, अन् मंग रडली. हा रुळाकडे पाहत बसला. त्याच्या कानामागं केस पांढरे झाले होते, ते मले त्या दिवशी दिसले, अन् माझा राग गेला कुठल्या कुठं.

दोन हजार पाचमध्ये त्याचं वय संपलं. शेवटच्या वेळी मुख्य परीक्षेतच राह्यला. तवा माझ्याजवळ मोबाईल आला होता. मी शाळेच्या व्हरांड्यात होती.

"संपलं," तो म्हणे.

मले वाईट वाटायले पाहिजे होतं. वाटलंही. पण खाली कुठंतरी असं वाटलं की आता सुटला, आता माझा झाला. मी म्हटलं, "मंग आता घरी ये."

"कोण म्हणून येऊ?"

"अश्वजित म्हणून ये. आणखी कोण आहेस तू?"

"गावात अश्वजित राहतेच कुठं? तिथं कलेक्टर राहते. लहान लहान पोट्ट्याईले माझं नावही माहीत नसन. त्याईनं हाक मारली तं मी ओ कसा देऊ, अन् नाई देऊ तं कसा नाई देऊ?"

तं घोडं तिथं अडलं होतं. त्या एका शब्दापाशी. मी ठरवलं, तो शब्दच काढून टाकायचा. पुढच्या रविवारी मी पिंपळझरीले गेली, अन् विहारात वंदना झाल्यावर लोकं उठाले लागले तं म्हटलं, "बसा जरा. मले बोलायचं आहे."

नत्थूजी थकले होते. काठी आली होती, आवाज अर्धा झाला होता. मी त्यांच्याकडेच पाहून बोलली. म्हटलं, "तुमचा पोट्टा सात वर्षं झाले स्टेशनवरून वापस जाते. त्याची माय त्याले बाकावर बसवून जेवू घालते. काऊन? तुम्ही त्याले कलेक्टर म्हणता म्हणून. तो झाला नाई. आता होणारही नाई, वय गेलं. त्याले घरी येऊ द्यायचं असन तं तो शब्द सोडा."

मंग नत्थूजी म्हणे, "आमी मायेनं म्हनतो बाई. आमच्या मनात दुसरं काई नसते."

"माहीत आहे. त्याच मायेपाई तो दिल्लीत पडून आहे."

मी जोरात बोलली, मले कळत होतं. धुरपताबाई म्हणे, "मंग का म्हनू त्याले?" तानबाच्या पोरानं विचारलं, "त्याईचं नाव का आहे?" तेव्हा मले बरं वाटलं की मी आली. नत्थूजी काठीवर जोर देऊन उठले, बुद्धाच्या मूर्तीसमोर उभे राह्यले, म्हणे, "आजपासून पिंपळझरीत त्याले कोनी कलेक्टर म्हननार नाई. अश्वजित म्हना. कोनाच्या तोंडून निंघालं तं माह्याशी गाठ हाय."

त्यांचा शब्द म्हणजे शब्द. मी अश्वजितले फोनवर येवढंच म्हटलं, "ये. कोणी काही म्हणणार नाई. माझी जबाबदारी."

तो हिवाळ्यात आला. सेवाग्रामले उतरला अन् पहिल्यांदा माझ्यासोबत स्टेशनच्या बाहेर पडला. आर्वीच्या गाडीत आम्ही बाजूबाजूले बसलो. त्यानं समोरच्या सीटची दांडी धरून ठेवली होती अन् बाहेर कापसाची वावरं पाहत होता. मी त्याचा हात दांडीवरून काढून माझ्या हातात घेतला. भर गाडीत. बत्तीस वर्षांची मास्तरीण, कोणाची भीती धरू? इतक्या वर्षांत मी एवढी सुखी कधी नव्हती.

फाट्यावर उतरलो. धुरपताबाई टोपली घेऊन उभी होती. म्हणे, "आला का रे अश्वजित? गंज वाळला रे बावा, हाडं दिसून राह्यले." पुढं तानबा भेटला. "अश्वजित, चा घेऊन जा." पानठेल्यावरचे, हातपंपावरच्या बायका, सारे म्हणत होते, अश्वजित आला, अश्वजित आला. लहान पोट्टे मागं पळत होते, त्यातला एक चुकून "कले" म्हणाला तं त्याच्या बहिणीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी सगळ्याईकडे पाहून मान हलवत होती. मले वाटत होतं, जिंकली मी.

विहाराच्या वट्ट्यावर नत्थूजी बसून होते. अश्वजित पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणे, "ये बावा अश्वजित, घरी जा, माय वाट पाहून राह्यली." अन् तोंड मिटून घेतलं.

घरी सुलोचनाबाईनं ताट वाढलं. हरिदासबाबा खाटेवरून लेकाकडे नुसते पाहत होते. माय भाकर टाकायले आत गेली. अश्वजित ताटासमोर बसला, पण हात लावेना.

"कोणीच म्हटलं नाई," तो म्हणे.

"नाई म्हणणार. मी सांगून ठेवलं होतं. साऱ्या गावाले विहारात बसवून सांगितलं."

"तू सांगितलं?"

"हाव."

"बरं केलं," तो म्हणे. मंग म्हणे, "गाडीत मी तयारी करून ठेवली होती. कोणी म्हटलं तं हसायचं, म्हणायचं, नाई झालो बावा, पण तुम्ही म्हणता तं आहोच." तो ताटाकडे पाहत म्हणे, "त्या हाकेचं मले भेव होतं मोनाली. पण दिल्लीत उठून अभ्यासाले बसो तं तीच हाक कानात राहे. देशात मले कलेक्टर म्हणणारं हे एकच गाव होतं."

मी त्याच्या गिलासात पाणी ओतलं.

"तू म्हण ना एकदा," तो म्हणे.

मी म्हटलं. "कलेक्टर साहेब." वर्गात हजेरी घेतो ना, तसं निघालं ते माझ्या तोंडून.

त्यानं मान हलवली. "तसं नाई. नत्थूजी म्हणे तसं."

मले राग आला. येवढी वर्षं थांबली मी, अन् याले माझ्या तोंडचं पुरत नाई. मी उठली अन् चप्पल न घालता विहाराकडे निघाली. वाटेतच राग जिरला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी स्टेशनवर कधी पाह्यलं नव्हतं, गाडी सुटतानाही नाई. आता त्याले ते पाहिजे तं पाहिजे, मी आणून देईन, असं वाटलं.

नत्थूजी तसेच बसून होते. मी त्यांच्याजवळ खाली बसली. म्हटलं, "नत्थूजी, माझं चुकलं समजा अन् बरोबर समजा, चाला घरी. त्याले एकदा हाक मारा. पयल्यासारखी. तुमचा शब्द मी मोकळा करते."

त्यांनी माझ्याकडे पाह्यलं. दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"पोरी, तवा तो होनार होता म्हनून म्हनत होतो," ते म्हणे. "मनातून म्हनत होतो. आता म्हनलं तं थट्टा होईन. माह्याच लेकराची थट्टा मी माह्या तोंडानं कशी करू?"

मी त्यांचा हात धरून बसली. त्यांचं खरं होतं. माझ्या भांडणाच्या, रडण्याच्या, विनवण्याच्या पल्याड ते खरं होतं.

मी वापस आली तं माय गरम भाकर घेऊन त्याच्या बाजूले बसली होती अन् तो दाराकडे तोंड करून होता. माझ्यामागं कोणी आहे का ते त्यानं पाह्यलं. कोणी नव्हतं.

"जेव अश्वजित," मी म्हटलं.

मायच्या समाधानासाठी त्यानं घास घेतला. माझा माणूस घरी आला होता, मायच्या चुलीपाशी बसून जेवत होता, जसं मी सात वर्षं मागत होती तसंच. अन् दर घासाले तो दाराकडे पाहून राह्यला होता.